जुनं परत येत नाही

२००८ च्या दिवाळीनंतर मी मामांशी फोनवर खोटं बोलले. खोटं अगदी लहान होतं, एका कॉम्प्युटर प्रोग्रामबद्दलचं. त्यातून मामांचं भलंच झालं असं आमच्या घरात कुणीही म्हणेल. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होते.

मामा इंदापूरचे. तहसील कचेरीच्या जवळ त्यांचं टायपिंगचं दुकान. दुकान म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, बाहेर बाकडं आणि भिंतीवर कालनिर्णय. १९८६ साली गोदरेजचा मराठी टाइपरायटर घेऊन ते तिथे बसले. गोदरेजने टाइपरायटर बनवायला सुरुवात केली १९५५ मध्ये. त्यातलं एक यंत्र आमच्या मामांनी सोळा वर्षं बडवलं. २००२ मध्ये कॉम्प्युटर आला. प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, साठेखत, खरेदीखत, हक्कसोडपत्र, वारसनोंदीचे अर्ज, रस्त्याच्या भांडणाचे अर्ज. इंदापूर तालुक्यातल्या किती भावकींची भांडणं त्यांच्या बोटांखालून गेली असतील कोण जाणे. समोरचा माणूस रडत, शिव्या देत, मधेच चहा मागवत आपली हकीकत सांगायचा आणि मामा त्याच्याकडे बघत बघत ती सरकारी मराठीत उतरवून काढायचे. कीबोर्डकडे नजर नाही, स्क्रीनकडेही फारशी नाही.

त्यांच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. स्टँपपेपरचा वरचा बराच भाग छापील असतो. त्यामुळे मजकूर पहिल्या पानावर खालून सुरू करावा लागतो आणि दुसऱ्या, साध्या लीगल कागदावर नेहमीसारखा वरून. टाइपरायटरवर मामा हे रूळ फिरवून नजरेच्या अंदाजाने करायचे. कॉम्प्युटरवर त्यासाठी फाईल मेनूत जा, पेज सेटअप उघडा, वरचा समास वाढवा, मग पहिल्या पानाच्या शेवटी सेक्शन ब्रेक टाका, असे सात-आठ टप्पे होते. एका ओळखीच्या पोराकडून ते त्यांनी वहीत उतरवून घेतले. सहा महिन्यांत वही उघडायची गरज संपली.

मी तेव्हा बारामतीत कॉलेजला. दहावीच्या सुट्टीत सगळ्यांसारखी एमएस-सीआयटी केलेली, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये नुकतंच वर्ड २००७ आलेलं. आज विशी-पंचविशीत असलेल्यांनी वर्ड बघितलं तेच वरच्या रुंद पट्टीसकट. ती पट्टी, म्हणजे रिबन, त्या वर्षी पहिल्यांदा आली. त्याआधी वरती नुसती नऊ नावं असायची: फाईल, एडिट, व्ह्यू, इन्सर्ट, फॉरमॅट, टूल्स, टेबल, विंडो, हेल्प. नावावर क्लिक केलं की खाली यादी लोंबायची. २००७ मध्ये हे सगळं गेलं. फाईल हा शब्दच स्क्रीनवरून नाहीसा झाला. त्या जागी डाव्या कोपऱ्यात एक गोल चिन्ह आलं, ज्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. ते दाबायचं असतं हे कळायलाच अनेकांना वेळ लागला. (२०१० च्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने फाईल हा शब्द गुपचूप परत आणला.)

मला ती पट्टी दोन आठवड्यांत सरावाची झाली आणि मी तिची प्रचारक झाले. एकोणीस वर्षांच्या मुलीला घरात कुणी कशाबद्दल विचारत नाही. मला पहिल्यांदाच असं काहीतरी येत होतं जे घरातल्या मोठ्यांना येत नव्हतं.

भाऊबीज होऊन तीन-चार दिवस झाले होते. मी आईबरोबर इंदापूरला होते. रविवारी दुकान बंद असताना मामांकडून किल्ली घेतली, ‘कॉम्प्युटर जरा नवा करून देते’ म्हणाले आणि सोबत आणलेली सीडी टाकली. सीडी कुठली, ते विचारू नका. सुरुवातीलाच त्या प्रोग्रामने मला विचारलं होतं: सरळ अपग्रेड करायचं, की काय ठेवायचं ते निवडायचं? निवडायला गेलं तर जुनी आवृत्ती जपून ठेवण्याचाही पर्याय होता. म्हणजे विचारलं गेलं होतं, फक्त मामांना नाही. मी त्यांच्या वतीने उत्तर दिलं आणि अपग्रेड दाबलं. रात्री जेवताना मामांना सांगितलं की आता सगळं सोपं झालंय. सोमवारी सकाळच्या एसटीने आम्ही बारामतीला परतलो.

सोमवारी काय झालं ते मला मामीकडून कळलं, तेही तुकड्या-तुकड्यांत.

दिवाळीनंतर आमच्याकडे हक्कसोडपत्रांचा हंगाम असतो. बहिणी भाऊबीजेला माहेरी आलेल्या असतात, पुन्हा कधी एकत्र सापडतील सांगता येत नाही, म्हणून भाऊ त्यांना तशाच कचेरीत घेऊन येतात. वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडून द्यायचा कागद. त्या दिवशी तिघी बहिणी आणि दोघे भाऊ बाकड्यावर बसले होते. मोठा भाऊ बहिणींना विचारत होता, आधी सह्या करायच्या की आधी जेवून घ्यायचं. मामांनी स्टँपपेपर घेतला, मजकूर टाइप केला, पेज सेटअपसाठी हात वरच्या डाव्या कोपऱ्यात गेला आणि तिथे फाईल नव्हतं.

मामांनी अर्धा तास शोधलं. शेवटी अंदाजाने ओळी खाली सरकवून प्रिंट दिली. मजकूर स्टँपच्या छापावर गेला. स्टँपपेपर वाया. दुसरा मामांनी पदरच्या पैशाने आणला, मजकूर एका कागदावर हाताने लिहून काढला आणि शेजारच्या टायपिस्टकडे गेले. बावीस वर्षांत ते पहिल्यांदा दुसऱ्याच्या टेबलासमोर गिऱ्हाइकासारखे उभे राहिले.

दुपारी त्यांचा फोन आला. आवाज नेहमीचाच. यातलं काहीच बोलले नाहीत. एवढंच विचारलं, ‘पोरी, ते जुनं परत नाही का येणार?’

मी म्हणाले, ‘नाही मामा, येत नाही.’

येत होतं. जुनी सीडी त्यांच्याच टेबलाच्या खणात होती. अर्ध्या तासाचं काम. मी पुढच्या गाडीने गेले असते तरी संध्याकाळपर्यंत झालं असतं. मला वाटलं, परत येतं म्हटलं तर मामा कधीच शिकणार नाहीत. हे माझं तेव्हाचं कारण, आणि ते खोटं नव्हतं. त्याच्या खाली आणखी एक होतं, त्याची मला आजही लाज वाटते: मी केलेली गोष्ट उलटी फिरवायला मला नको होतं.

*

मायक्रोसॉफ्टची बाजू मी नंतर वाचली आणि ती पटण्यासारखी आहे. जेन्सन हॅरिस हा त्या बदलामागच्या प्रमुख लोकांपैकी एक. त्याने त्या काळात ब्लॉगवर याबद्दल पुष्कळ लिहिलं. वर्डच्या पहिल्या आवृत्तीत साधारण शंभर आज्ञा होत्या, २००३ च्या आवृत्तीपर्यंत त्या दीड हजारांच्या वर गेल्या. सगळ्या त्या नऊ नावांखाली कोंबलेल्या. लोक कंपनीकडे नव्या सोयी मागायचे आणि त्यातल्या बऱ्याचशा आधीपासून आत असायच्या. सापडत नव्हत्या इतकंच. अशा घराची डागडुजी करत राहायची की पाडून नवं बांधायचं? त्यांनी पाडलं. नव्याने शिकणाऱ्यांना नवं सोपं गेलं, हे मी माझ्याच वर्गात पाहिलं आहे.

मला अडवतं ते दुसरंच. हॅरिसने आकडे दिले होते. वर्ड २००३ मध्ये लोक सर्वांत जास्त वेळा काय दाबतात? पेस्ट, एकूण वापराच्या ११ टक्क्यांहून जास्त. पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड या पाचांचे मिळून सुमारे ३२ टक्के. हे कळलं कसं? ज्यांनी संमती दिली त्यांच्या कॉम्प्युटरवरून ही मोजणी इंटरनेटने कंपनीकडे जात होती. मामांच्या दुकानात इंटरनेट नव्हतं. मामांनी सहा वर्षांत हजारो वेळा पेज सेटअप उघडलं असेल, त्यातलं एकही दाबणं त्या मोजणीत नाही. मोजणी खोटी नव्हती. पण ‘वापरणारे’ या शब्दात इंदापूरच्या कचेरीबाहेरचा माणूस नव्हता, आणि त्याला ते कळायचा मार्गही नव्हता.

तरीही मी कंपनीवर फार रागावू शकत नाही. तिला मामा माहीत नव्हते. मला माहीत होते.

मॉरिस मेर्लो-पाँती या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९४५ च्या ‘फिनॉमेनॉलॉजी ऑफ परसेप्शन’ या पुस्तकात टायपिस्टचं उदाहरण घेतलं आहे. सराईत टायपिस्टला अक्षर कुठे आहे ते विचारलं तर सांगता येईलच असं नाही, पण बोट बरोबर तिथे जातं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे हे ज्ञान हातात असतं. हात कामाला लागले की ते दिसतं, एरवी शब्दांत पकडता येत नाही. आंधळ्या माणसाच्या काठीबद्दलही तो असंच म्हणतो. सवय झाली की काठी ही वेगळी वस्तू उरत नाही, ती त्या माणसाच्या स्पर्शाचा भाग होते.

हे खरं असेल तर मी त्या रविवारी नक्की काय बदललं? मला वाटत होतं, मामांच्या मालकीचं एक यंत्र सुधारलं. पण वरच्या डाव्या कोपऱ्याकडे जाणारा तो हात ही मामांची सहा वर्षांची मिळकत होती. ती सातबाऱ्यावर चढत नाही, म्हणून ती कुणी काढून घेतली तरी कागदोपत्री काही घडत नाही. माणूस त्याच खुर्चीत बसलेला असतो, तेच यंत्र पुढ्यात असतं, आणि काल येत होतं ते आज येत नसतं. आणि त्याला स्वतःलाच वाटतं की आपलंच डोकं चालेनासं झालंय. मामांना तसंच वाटलं. मामी सांगत होती, त्या रात्री ते म्हणाले, ‘आता वय झालं.’ तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते.

बारामतीहून इंदापूरला जाणारा रस्ता गेल्या काही वर्षांत पुरता बदलला. काटेवाडी, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी. तुकोबांची पालखी जाते तो मार्ग. आता तो रुंद राष्ट्रीय महामार्ग आहे. रुंदीकरणात कुणाची जमीन गेली, कुणाची टपरी. पण रस्ता रुंद करताना निदान नोटीस निघते. हरकती मागवतात. मामांनी स्वतः अशा हरकतींचे अर्ज टाइप केले आहेत. हरकत घेऊन रस्ता थांबतो असं नाही, बहुतेकदा थांबत नाहीच. तरी ‘तुमचं म्हणणं काय?’ असं एकदा सरकारकडून विचारलं जातं. ज्याच्या जमिनीतून रस्ता जाणार त्याला विचारायचं असतं, हे निदान कागदावर मान्य झालेलं आहे.

बोटांच्या वाटा बदलताना असं काही नसतं. तुमच्या फोनमध्येच बघा. सकाळी ॲप उघडता आणि बटण हललेलं असतं. तुम्ही दोन मिनिटांत शोधता, कारण तुम्ही बावीस वर्षांचे आहात आणि तुमच्या समोर स्टँपपेपर घेऊन पाच माणसं बसलेली नाहीत. अपडेटची चौकट काय विचारते? आत्ता करू की नंतर आठवण करू. ‘नको’ हे बटण नसतं. ते वाचलं की मला दर वेळी त्या बाकड्यावरच्या बहिणी आठवतात. आधी सही, की आधी जेवण.

आणि असंही नाही की बदलताना जुन्यांचा विचार करणं अशक्यच असतं. इंग्रजी कीबोर्डवरची अक्षरं १८७० च्या दशकात जशी लागली, थोड्याफार फरकाने तशीच आज तुमच्या टचस्क्रीनवर आहेत. १९३० च्या दशकात ड्वोरॅक यांनी बोटांची वणवण कमी करण्याचा दावा असलेली नवी रचना आणली. ती रुजली नाही. तोवर फार हातांना जुनी येत होती. मराठीतही इनस्क्रिप्ट आलं तरी रेमिंग्टनची रचना सोडावी लागली नाही, कॉम्प्युटरवर ती वेगळी निवडता येते. मामांचा टाइपरायटर २००२ मध्ये माळ्यावर गेला, पण त्यांची बोटं होती तशीच कॉम्प्युटरवर आली. त्या बदलाबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. तो त्यांनी स्वतः ठरवून, पैसे साठवून केला होता.

*

अपराधीपणामुळे असेल, मी त्यानंतर दर रविवारी इंदापूरला जायला लागले. एक तक्ता केला. डावीकडे जुनी जागा, उजवीकडे नवी. कालनिर्णयच्या शेजारी चिकटवला. मामा मन लावून शिकले, तक्ता पाठ केला. पेज सेटअप आता ‘पेज लेआउट’ मध्ये आहे हे त्यांना सांगता यायला लागलं, पण काम अडखळत व्हायचं. पूर्वी हात जायचा. आता आधी आठवायचं, मग जायचं.

तिसऱ्या-चौथ्या रविवारी एक गंमत झाली. सुट्टीच्या दिवशीही एक गिऱ्हाईक घरून बोलावून आणलेलं होतं आणि मामा त्याच्याशी त्याच्या मुलीच्या लग्नाबद्दल बोलत टाइप करत होते. दोन ओळींतलं अंतर वाढवायचं होतं. बोलता बोलता त्यांनी ऑल्ट दाबलं, मग ओ, मग पी. ही जुन्या वर्डमधली वाट: फॉरमॅट मेनू, त्यातला पॅराग्राफ. तो मेनू आता स्क्रीनवर कुठेच नव्हता. तरी पॅराग्राफची जुनी चौकट समोर उघडली.

आम्ही दोघं बघत राहिलो. मला कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं. ज्यांनी मेनू काढून टाकले त्यांनीच जुन्या कळांचे कितीतरी क्रम आत चालू ठेवले होते. ऑल्ट आणि ओ दाबलं की वर एक लहानशी सूचना येते, जुन्या आवृत्तीची कळ ओळखली, पुढचं अक्षर दाबा. पहिल्या दिवशी मामांनी हे करूनच बघितलं नव्हतं, कारण जे डोळ्यांना दिसत नाही ते दाबून काय होणार असं त्यांना वाटलं. लक्ष गिऱ्हाइकाकडे गेलं तेव्हा बोटांनी आपलं आपण केलं. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की जुन्या पळसदेवचं देऊळ वर येतं, तसं काहीतरी वाटलं मला. धरणाची आणि बटणाची तुलना करू नये, हे कळतं. तरी आमच्या भागातल्या माणसाला दुसरं काय आठवणार?

म्हणजे त्या कंपनीत कुणीतरी, कधीही न भेटलेल्या माणसांच्या बोटांचा विचार केला होता. मी माझ्या मामांसाठी तेवढाही केला नव्हता.

पुढे व्हायचं ते झालं. सगळीकडून डॉक्सएक्सच्या फाइली यायला लागल्या, त्या जुन्या वर्डमध्ये सरळ उघडत नसत. शेजारचा टायपिस्ट अडला, मामा अडले नाहीत. त्यांचं काम वाढलं. त्यामुळे माझं खोटं घरात चांगल्या खात्यात जमा झालं. ‘पोरीने वेळेवर नवं टाकून दिलं,’ असं मामी पाहुण्यांना सांगायची.

पण एक गोष्ट बदलली ती बदललीच. मामा विचारायला लागले. प्रिंट देण्याआधी शेजारी जो कुणी असेल त्याला, दहावीच्या पोरालासुद्धा: ‘जरा बघ रे, बरोबर आहे का.’ कागद बरोबरच असायचा. २००८ च्या दिवाळीपर्यंत मी त्यांना कुणाला काही विचारताना पाहिलं नव्हतं. आता कुणी म्हणेल, विचारणं चांगलंच, माणूस नम्र होतो. मला ते नम्रता वाटलं नाही. ज्या जमिनीवर बावीस वर्षं उभे होते ती पुन्हा सरकेल या भीतीने चाचपून पाऊल टाकणं होतं ते. फायदा झाला हे मान्य करूनही हे खातं मला वेगळंच ठेवावं लागतं. फायद्यातून ते वजा होत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मामांकडे गेले होते. दुकान आता त्यांचा मुलगा बघतो, मामा दुपारी तासभर जाऊन बसतात. त्यांना एक अर्ज करून हवा होता. मी लॅपटॉप उघडला, ते शेजारी बसून मजकूर सांगत होते. ओळी दाटल्या तसा त्यांनी हात पुढे केला आणि ऑल्ट, ओ, पी दाबलं. चौकट उघडली. ‘अजून आहे,’ म्हणाले.

मग मी सांगितलं. सतरा वर्षांनी. की त्या दिवशी जुनं परत आणता आलं असतं, मला ते माहीत होतं.

‘मलाही कळलं होतं,’ मामा म्हणाले. ‘दोन महिन्यांनी तो कॉम्प्युटर रिपेअरवाला आला होता, तो म्हणाला अर्ध्या तासाचं काम आहे म्हणून.’

‘मग करून का नाही घेतलंत?’

‘तोवर नवं बोटांना लागायला लागलं होतं. पुन्हा ते विसरत कोण बसणार?’

मी गप्प बसले. मामा स्क्रीनकडे बघत होते.

‘त्याच दिवशी सांगितलं असतंस तर घेतलं असतं,’ ते म्हणाले. मग त्यांनी बोटाने दाखवलं: डावीकडे समास थोडा वाढव, फाइलला टाचताना अक्षरं जातात.